धोंडीचं घराणं

“...पण अप्पा, तुम्हीच सांगून टाका ना. या मशीनवर कुठलं लिनक्स आहे?”

“मला काय विचारतोस?”

एवढं बोलून अप्पांनी पोथीचं पान उलटलं.

विचारणारा होता उन्मेष गोगटे. पुण्याहून दोन गाड्या बदलून आणि बेलटेकडीच्या दोनशे अकरा पायऱ्या चढून आलेला. पायऱ्या त्यानं मोजल्या होत्या, आणि वर आल्या आल्या तो आकडा आम्हाला ऐकवलाही होता.

अप्पा म्हणजे गुरुपादअप्पा. बेलटेकडीच्या मठातल्या पोथ्यांची राखण करणारे म्हातारे. चारशे पोथ्या त्यांनी पान पान करून कॅमेऱ्यात उतरवल्या आणि एका कॉम्प्युटरात ठेवल्या. हे करता करता लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, शिकले. किती शिकले ते मी काय सांगणार? मोठमोठ्या कंपन्यांतली हुशार माणसं पायऱ्या चढून त्यांच्याकडे येतात आणि उतरताना जरा कमी बोलतात, एवढं मी पाहिलंय.

वर्षाला ते एकच शिष्य ठेवून घेतात. बाकीच्यांना जेवू घालतात आणि चारच्या एसटीनं परत पाठवतात.

मी तालुक्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. सात वर्षांपूर्वी मीही याच खोलीत, याच स्टुलावर बसून चुकलो होतो. तेव्हा उन्मेषला हसायचा मला काही अधिकार नव्हता. तरी हसलो, हे आधीच कबूल करून टाकतो.

“कशासाठी शिकायचंय?” सकाळी अप्पांनी त्याला विचारलं होतं.

“शिकायचं असं फार काही राहिलं नाहीये,” उन्मेष म्हणाला. “एकच गोष्ट अडलीय.”

“कुठली?”

“मागच्या वर्षी माझ्या हातून नऊ हजार फोटो पुसले गेले. लोकांच्या लग्नांचे. एका छोट्या कंपनीत होतो, तिथे. मी दिलेली आज्ञा बरोबर होती, अक्षर न् अक्षर तपासलं होतं. तरीही गेले. का गेले, ते मला अजून कळलेलं नाही.”

“किती लग्नं?”

“आठ.”

भाकरीचं पीठ मळता मळता रुद्रव्वा दारातूनच बोलली, “आरं देवा! आन् लग्नं टिकली का?”

“लग्नं टिकली, मावशी. फोटो गेले.”

“मग बरंय की.”

रुद्रव्वा मठाचं स्वयंपाकघर सांभाळते. अप्पांना जे बोलायचं नसतं, ते पुष्कळदा तीच बोलून टाकते.

उन्मेष हसला नाही. त्याच्या तोंडाकडे पाहून मला तेवढ्यापुरती त्याची दया आली. ती आठ लग्नं त्याच्या छातीवर बसलेली दिसत होती.

अप्पांनी कोपऱ्यातल्या यंत्राकडे बोट केलं. एक जुनं, पत्र्याचं खोकं. वर रुद्रव्वानं शिवलेलं वाकळीचं झाकण.

“हा धोंडी,” अप्पा म्हणाले. “पोथ्या याच्या पोटात आहेत. याला आता औषधपाणी करायचं आहे, नवं काहीबाही घालायचं आहे. पण आधी हा कोण ते कळायला हवं. याचं घराणं कुठलं, आणि कितवी पिढी. चारच्या गाडीआधी मला सांग.”

“आणि सांगितलं तर?”

“तर राहशील.”

एवढीच अट.

आता जाणकारांनी मला माफ करावं, पण बाकीच्यांसाठी दोन वाक्यं सांगतो. लिनक्स म्हटलं तर एकच, पण त्याची घराणी शेकडो. डेबियन, उबुंटू, फेडोरा अशी त्यांची नावं, आणि प्रत्येकाच्या पुन्हा आवृत्त्या, पहिली, दुसरी, दहावी. एका घराण्याचं औषध दुसऱ्याला चालत नाही. चुकीचं दिलं तर यंत्र उठायचंच नाही, आणि चारशे पोथ्या आतच राहायच्या.

उन्मेषनं खोक्याभोवती एक फेरी मारली. वाकळ उचलली. समोरच्या पत्र्यावर एक गोल नारिंगी स्टिकर होतं.

“उबुंटू,” तो लगेच म्हणाला. “त्यांचंच चिन्ह आहे हे. झालं?”

अप्पांनी मान वर केली नाही.

“रुद्रव्वा, ते स्टिकर कुणी लावलं गं?”

“म्या. तितं भोक हुतं. पाल शिरायली हुती आत.”

...

“धोंडीला विचारलंस का?” अप्पांनी शांतपणे विचारलं.

उन्मेषचे कान लाल झाले. तो स्टुलावर बसला आणि त्यानं पिशवीतून आपला लॅपटॉप काढला. पातळ, चकचकीत, पाठीवर अकरा स्टिकरं.

“हा माझा ऐरावत,” तो म्हणाला. “नाव मीच ठेवलंय. याच्यापुढे...” आणि त्यानं धोंडीकडे पाहून वाक्य सोडून दिलं. भला माणूस होता तसा.

धोंडीला स्वतःचा पडदा नाही. होता तो दहा वर्षांपूर्वीच जळाला. आता आपला लॅपटॉप तारेनं त्याला जोडायचा, लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडायची आणि त्या खिडकीतून धोंडीशी बोलायचं. आपण लिहू ते त्याला पोचतं. तो सांगेल ते आपल्या पडद्यावर उमटतं.

उन्मेषनं तार जोडली. खिडकीत धोंडीनं ओळीच्या सुरुवातीला आपलं नाव लिहिलं आणि पुढच्या शब्दाची वाट पाहत बसला. तशी या यंत्रांची रीतच असते. आज्ञा घेण्याआधी ती आपलं नाव सांगतात.

उन्मेषनं पहिलं काम काय केलं असेल, तर ते नाव काढून टाकलं. राहिलं नुसतं एक डॉलरचं चिन्ह.

“ते कशाला काढलं?” मी न राहवून विचारलं.

“गर्दी होते डोळ्यांना. माझ्या लॅपटॉपवरही मी ठेवत नाही. प्रत्येक मशीनवर गेलो की आधी हे करतो.” तो माझ्याकडे वळून जरा हसला. “आपण कुठे आहोत ते आपल्याला माहीत असलं की पाटी लागत नाही.”

अप्पांचं पान उलटायचं थांबलं. क्षणभरच. मग पुन्हा सुरू झालं.

उन्मेषनं भराभर काहीतरी लिहिलं. पडद्यावर आकडे आले.

“सहा पॉइंट एक,” तो म्हणाला. “घ्या.”

“हे काय आहे?”

“कर्नल, अप्पा. सगळ्याच्या मुळाशी असतं ते. गाभा.”

अप्पांनी चष्मा काढून पुसला.

“गंगाधर,” ते मला म्हणाले, “आंबा खाऊन कुणी कोय हातात दिली, तर केशर का गावठी ते सांगशील का?”

“नाही, अप्पा.”

“कोय सगळ्यांना असते.”

उन्मेषला ते पटलं. पटलं की त्याची मान डावीकडे झुकते, हे एव्हाना मला कळलं होतं. गाभा एकच असतो, घराणी त्याच्याभोवती आपापलं घर बांधतात, हे त्याला पुस्तकातून पाठ होतं. घाईत कोयीलाच आंबा म्हणून बसला होता, इतकंच.

“थांबा. आता सरळ नावच विचारतो,” तो म्हणाला आणि बाह्या वर केल्या.

तेवढ्यात रुद्रव्वा दारात उभी.

“भाकरी थंड व्हायल्यात. आधी जेवून घ्यावं.”

“दोन मिनिटं, मावशी. हे एवढं...”

“त्ये पळून जायलंय का कुटं? ऊठ की लेकरा.”

मठात रुद्रव्वापुढे कुणाचं चालत नाही. अप्पांचंही नाही.

जेवण झकास होतं. ज्वारीच्या गरम भाकरी, अंबाडीची भाजी, येसर आमटी, वर शेंगदाण्याची चटणी. उन्मेषनं चार भाकरी खाल्ल्या आणि प्रत्येक भाकरीला आपल्या एकेका पराक्रमाची गोष्ट सांगितली. गोष्टी चांगल्या होत्या. मला आवडल्या. अप्पा मन लावून ऐकत होते, मध्येच “बरं?” म्हणत होते. पाऊण तास तरी गेला असेल.

परत येऊन तो लॅपटॉपपुढे बसला आणि सवयीनं आधी पडदा पुसून घेतला. जुनं सगळं जाऊन खिडकी स्वच्छ. वर कोपऱ्यात एकटं डॉलरचं चिन्ह.

पुसलं जाण्याआधी तिथे शेवटी एक नवी ओळ आलेली होती. मी ती वाचली. अप्पांकडे पाहिलं. त्यांनीही वाचली होती.

आम्ही दोघं गप्प बसलो. मी गप्प बसलो ते मजा बघायला. अप्पा का बसले, ते त्यांना ठाऊक.

उन्मेषनं या वेळी काही चूक केली नाही. नाव विचारायची खरी रीत हीच. त्यानं लिहिलं:

cat /etc/os-release

प्रत्येक लिनक्स यंत्रात या नावाची एक छोटी चिठ्ठी असते. मी अमुक घराण्याचा, माझी आवृत्ती अमुक. ती चिठ्ठी वाचून दाखव, असा त्या ओळीचा अर्थ.

चिठ्ठी उमटली. उन्मेष स्टुलावरून उठलाच.

“फेडोरा! एक्केचाळीस! अप्पा, अहो, हे तर माझंच आहे! सेम! हेच घराणं, हीच आवृत्ती!”

त्याला इतका आनंद झाला की तो अप्पांच्या पाया पडला.

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला. “बाहेरून खोकं कसंही दिसू दे, ज्याला खरंच कळतं तो हेच वापरणार. तुमची माझी निवड एक निघाली, अप्पा!”

“अरे वा,” अप्पा म्हणाले. “बघ, आणखी काय काय सारखं आहे.”

उन्मेष उत्साहानं विचारत सुटला.

“मेमरी... अरे! तीही तेवढीच. सोळा!”

“होय का?”

“डिस्क... पाचशे बारा. माझ्याएवढीच. अप्पा, या जुन्या खोक्यात एवढं घातलंय तुम्ही?”

“मी काही घातलं नाही बाबा.”

“घड्याळ, भाषा, कीबोर्ड... सगळं जुळतंय. योगायोग म्हणावा तरी किती!”

मी उपरण्याचा बोळा तोंडात धरला होता. सात वर्षांपूर्वी मी मेमरीपर्यंतच पोचलो होतो. हा पठ्ठ्या माझ्याही पुढे गेला.

“ते कोयीचं काय होतं रे?” अप्पांनी सहज विचारलं. “सकाळी आकडा सांगितलास तो.”

“सहा पॉइंट एक.”

“पुन्हा विचार.”

उन्मेषनं विचारलं. आकडा आला.

तो वाकून पाहू लागला. नाक पडद्याला लागेपर्यंत वाकला.

“सहा पॉइंट बारा.”

“सकाळी एक. आता बारा.”

“हो...”

“जेवायला गेलो तेवढ्यात?”

“त्येनं बी चार भाकरी खाल्ल्या आसतील,” रुद्रव्वा दारातून म्हणाली.

“कुणीतरी मागून बदललं असेल,” उन्मेष म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी तर त्याच्याच पंगतीत बसून आमटी ओरपत होतो.

अप्पांनी पोथी मिटली. बासनात गुंडाळली. गाठ मारली. हे सगळं इतकं सावकाश, की मलाच धीर धरवेना.

“घराणं विचारलंस,” ते म्हणाले. “मेमरी विचारलीस. डिस्क विचारलीस. एकदा नुसतं नाव विचार.”

उन्मेषनं एक शब्द लिहिला.

यंत्रानं एका शब्दात उत्तर दिलं.

airavat

...

बाहेर कुठेतरी होला घुमत होता.

उन्मेषचा हात अजून कीबोर्डवर होता. त्यानं ती ओळ वाचली. धोंडीकडे पाहिलं. तारेकडे पाहिलं. आपल्या लॅपटॉपकडे पाहिलं. पुन्हा ओळ वाचली.

“धोंडीशी दहा मिनिटं कुणी बोललं नाही,” अप्पा हळू आवाजात म्हणाले, “की तो दार लावून घेतो. जाताना तसं सांगतोही.”

“ती ओळ... मी पुसली.”

“हं.”

“खिडकी तीच राहिली. पण पलीकडे...”

“पलीकडे कुणी नव्हतंच रे. तू मघापासून स्वतःशीच बोलतोयस.”

आता हा उठेल, पिशवी भरेल आणि तरातरा पायऱ्या उतरेल, असं मला वाटलं. मी तेच केलं होतं. दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं.

उन्मेषचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं, रडतोय. मग आवाज फुटला. तो हसत होता! स्टुलावरून घसरून खाली बसला, धोंडीला पाठ टेकली आणि पोट धरून हसत राहिला.

“डिस्कसुद्धा जुळली म्हणालो मी!” त्याला धाप लागली. “योगायोग म्हणालो! कीबोर्ड!”

मग मात्र मला आवरेना. रुद्रव्वा तर पदर तोंडाला लावून दाराला टेकली. अप्पा हसताना आवाज करत नाहीत, फक्त त्यांचं पोट हलतं. ते बराच वेळ हललं.

हसता हसता उन्मेष एकदम थांबला.

“अप्पा.”

“बोल.”

“मागच्या वर्षी दोन खिडक्या उघड्या होत्या. एकीत चाचणीचं मशीन. त्यातलं सगळं पुसायचं होतं. दुसरीत खरं, लग्नांचे फोटो असलेलं. दोन्हीकडे...”

त्याचं बोट डॉलरच्या चिन्हावर जाऊन थांबलं.

“दोन्हीकडे एवढंच होतं. पाटी मीच काढलेली.”

त्यानं बोट मागे घेतलं.

“आज्ञा बरोबर होती,” तो पुटपुटला. “मी फक्त विचारलं नाही, तू कोण म्हणून. वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलो, मशीननं दगा दिला.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू. वर्षभराचं ओझं उतरलेलं माणसाच्या अंगावर दिसतं. खांदे चांगले दोन बोटं वर आले होते. मला फार बरं वाटलं, खरंच सांगतो. थोडा हेवाही वाटला.

“मग त्या आठ जोडप्यांचं काय करणार?” रुद्रव्वानं विचारलं.

“पत्रं लिहीन, मावशी. आठही घरांना. चूक माझी होती म्हणून.”

“लिही. एखादीचा नवरा फोटोत वंगाळ दिसायला आसंल, ती तुला आशीर्वाद दील.”

उन्मेषनं डोळे पुसले आणि लॅपटॉप पुढे ओढला. सगळ्यात आधी पाटी परत लावली. आज्ञेच्या ओळीपुढे ऐरावतचं नाव आलं. मग त्यानं पुन्हा धोंडीचं दार वाजवलं. दार उघडलं. नाव बदललं. ओळीच्या सुरुवातीला आता धोंडी होता, आणि या वेळी उन्मेषनं ते नाव राहू दिलं.

वर पुन्हा विचारून घेतलं. तू कोण?

dhondi

“धोंडी,” तो मोठ्यानं म्हणाला. लहान मुलाला नावानं हाक मारावी तसं.

मग त्यानं तीच चिठ्ठी मागितली. तेच शब्द, तीच ओळ. धोंडी जरा थांबला, खोक्यातला पंखा घरघरला, आणि उत्तर आलं.

“डेबियन,” उन्मेषनं वाचलं. “आवृत्ती बारा. आणि हे बघा, आवृत्तीचं टोपणनाव दिलंय... बुकवर्म. म्हणजे...” तो पुन्हा हसायला लागला. “म्हणजे कसर, अप्पा! पुस्तकं खाते ती कसर!”

“ऐकलंस का गं रुद्रव्वा?” अप्पांना हे आधीपासून ठाऊक होतं, तरी ते नव्यानं खूश झाले. “चारशे पोथ्या, आणि राखणीला कसर!”

“तवाच म्हनलं, ह्यो मेला काईच खाईना कसा.”

खाली रस्त्यावर एसटीचा भोंगा वाजला. चारची गाडी. ड्रायव्हरला बेलटेकडीची सवय आहे. परत जाणाऱ्या माणसाला पायऱ्या उतरायला वेळ मिळावा म्हणून तो तीनदा वाजवतो.

एक.

उन्मेष उठून उभा राहिला. पिशवी पायाशी होती.

दोन.

रुद्रव्वानं माझ्याकडे पाहिलं. मी अप्पांकडे.

तीन.

गाडी निघाली. वळणावर धूळ उडाली, ती खिडकीतून दिसली आणि हळूहळू खाली बसली. उन्मेष हललाही नव्हता.

“अप्पा,” तो चाचरत म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच चाचरत. “मी... राहू ना?”

अप्पांनी वाकळ उचलली, झटकली आणि धोंडीवर नीट पांघरली.

“मला काय विचारतोस?”